तीनदा लागलेलं लग्न

(रेडिओवरील भाषणाचं संपादित रूप)

न्यूयॉर्कच्या फुल्टन थिएटरमध्ये २३ मे १९२२ रोजी एक विनोदी नाटक सुरू झालं. नाव होतं 'एबीज आयरिश रोझ', म्हणजे एबीची आयरिश रोझ. मुलगा ज्यू, मुलगी आयरिश कॅथलिक. घरी न सांगता केलेलं लग्न, दोन हट्टी बाप, ढीगभर गैरसमज आणि शेवट गोड. बहुतेक समीक्षकांनी नाटक निकालात काढलं. प्रेक्षकांनी मात्र ते १९२७ पर्यंत चालवलं. एकूण २,३२७ प्रयोग झाले. तोवर ब्रॉडवेवर एवढे प्रयोग दुसऱ्या कुठल्याही नाटकाला लाभले नव्हते.

मी कवितेचा माणूस, नाटकाचा नव्हे. पण मराठीत लिहिणारा मुसलमान असल्यामुळे परिसंवादात आंतरधर्मीय लग्नाचा विषय निघाला की माईक आपोआप माझ्याकडे सरकतो. जणू या विषयाची वही मीच सांभाळतो. सरकलेल्या माईकपुढे काहीतरी बोलावं लागतं, म्हणून गेली अनेक वर्षं मी अशा लग्नांच्या गोष्टी गोळा करत आलो. त्यात हे नाटक मला सर्वांत बोलकं वाटतं. त्याच्याविषयी आणि त्याच्या वंशातल्या नाटक-सिनेमांविषयी लोक पन्नास वर्षं भांडले. दर पिढीत भांडणाऱ्यांची बाजू बदलली आणि भांडणाचं कारणही बदललं. ते भांडण नीट पाहिलं तर अशी लग्नं कुठे हसण्यावारी नेता येतात आणि कुठे नाही, हे समजायला मदत होते.

आधी गोष्ट सांगतो. एबी लेव्ही आणि रोझमेरी मर्फी यांची ओळख पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये झाली. अमेरिकेत परतल्यावर ती दोघं एका मेथॉडिस्ट, म्हणजे प्रॉटेस्टंट पाद्रीकडून गुपचूप लग्न लावून घेतात. एबीचे वडील सॉलोमन कट्टर ज्यू. त्यांना धक्का बसू नये म्हणून एबी बायकोची ओळख 'रोझी मर्फेस्की' अशी करून देतो. मर्फीला नुसतं 'स्की' जोडलं आणि आयरिश पोरगी पूर्व युरोपातली ज्यू झाली! सॉलोमन खूश होतात आणि रब्बी, म्हणजे ज्यू धर्मगुरू, बोलावून थाटात लग्न लावतात. मुलगी कॅलिफोर्नियाची, म्हणून कौतुकाने घर संत्र्यांनी सजवतात. तेवढ्यात मुलीचा बाप पॅट्रिक मर्फी आपल्या कॅथलिक धर्मगुरूला घेऊन येऊन ठेपतो. नारिंगी हा आयर्लंडमधल्या प्रॉटेस्टंट पक्षाचा रंग. कॅथलिक बापाचं डोकं जावयाच्या धर्माआधी त्या संत्र्यांनीच फिरतं. भांडण जुंपतं. त्या गोंधळात कॅथलिक फादर त्याच जोडप्याचं तिसऱ्यांदा लग्न लावून टाकतात.

दोन्ही बाप मुलांना घराबाहेर काढतात. वर्षभराने, नाताळच्या आदल्या रात्री, दोघंही नातवंड बघण्याच्या ओढीने येतात. जुळी झालेली असतात, एक मुलगा आणि एक मुलगी. मुलाचं नाव आईच्या वडिलांवरून पॅट्रिक आणि मुलीचं एबीच्या दिवंगत आईवरून रिबेका. बापांचं मनोमीलन होतं आणि पडदा पडतो.

तीनदा लग्न ही नुसती गंमत नव्हती. त्या काळी कॅथलिक चर्चचा नियम स्पष्ट होता. १९०८ पासून लागू झालेल्या धर्माज्ञेनुसार कॅथलिक व्यक्तीचं लग्न कॅथलिक धर्मगुरूसमोर झालं नाही, तर ते चर्चच्या लेखी लग्नच नव्हे. ज्यू बापाच्या लेखी रब्बीशिवाय लग्न नव्हे. सरकारच्या लेखी पहिल्याच पाद्रीने काम पुरं केलेलं. एकाच जोडप्याचं लग्न तीन वह्यांमध्ये तीन वेळा नोंदवावं लागलं, तेव्हा कुठे ते सर्वांना दिसलं. प्रेक्षक यावर हसत होते, कारण त्यांतल्या कितीतरी जणांच्या घरात या वह्या उघड्या होत्या.

हे प्रेक्षक कोण होते, हे लक्षात घ्यायला हवं. १८४५ नंतर बटाट्याचं पीक कुजून आयर्लंडमध्ये भीषण दुष्काळ पडला आणि आयरिश लोक लाखोंनी अमेरिकेला आले. १८८१ नंतर रशियात ज्यूंच्या वस्त्यांवर हल्ले सुरू झाले आणि पूर्व युरोपातले ज्यू लाखोंनी आले. दोघंही गरीब, दोघांनाही जुने प्रॉटेस्टंट अमेरिकन नाकं मुरडणार. शहरातली त्यांची वस्ती शेजारी-शेजारी, त्यामुळे भांडणंही शेजारधर्माचीच. मुलं एका शाळेत, पुढे एका कारखान्यात आणि १९१७ नंतर एका पलटणीत. मग व्हायचं ते झालं.

लेखिका अ‍ॅन निकोल्स या दोन्हींपैकी कुठल्याच घरातली नव्हती. जॉर्जिया राज्यातल्या बाप्टिस्ट, म्हणजे प्रॉटेस्टंट कुटुंबात १८९१ मध्ये ती जन्मली आणि कोवळ्या वयात घर सोडून रंगभूमीवर आली. हे नाटक आधी लॉस एंजेलिसला चाललं होतं. न्यूयॉर्कला मात्र सुरुवातीला गल्ला जमेना. तेव्हा तिने नाटक बंद न करता पैसा उभा केला. त्यात गाजलेला जुगारी अर्नॉल्ड रॉथस्टीन याच्याकडून घेतलेले पंचवीस हजार डॉलरही होते. हळूहळू तोंडी प्रसिद्धीवर नाटक चढलं ते उतरलंच नाही.

समीक्षकांची पंचाईत झाली. रॉबर्ट बेंचली हा 'लाइफ' या त्या वेळच्या विनोदी साप्ताहिकात नाट्यसमीक्षा लिहायचा. शहरात चालू असलेल्या प्रत्येक नाटकाविषयी दर आठवड्याला एक ओळ लिहिणं हे त्याचं काम. पहिल्याच आठवड्यात त्याने या नाटकाला नाव ठेवलं. ते महिन्याभरात पडेल असा त्याचा होरा असावा. पण ते पडेना आणि याला दर आठवड्याला नवी शिवी शोधावी लागली, तीही पाच वर्षं! एकदा त्याने नुसता बायबलमधल्या एका वचनाचा क्रमांक छापला. शोधून पाहणाऱ्याला कळे की ते वचन काल, आज आणि सर्वकाळ तसंच राहणाऱ्याबद्दल आहे. शेवटी त्याने वाचकांकडूनच ओळी मागवल्या. विनोदी नट हार्पो मार्क्स याने कळवलं, की हे नाटक काही जोरदार सर्दीपेक्षा वाईट नाही.

बेंचलीचं चुकलं असं मी म्हणणार नाही. संहिता खरंच ढोबळ आहे. ज्यू पात्रं उच्चारांवरून हशा मिळवतात, आयरिश पात्र रागावरून. आमच्या कविसंमेलनांतही असंच होतं. ज्या ओळीला मंचावरचे जाणकार मान हलवतात, तिला मांडव गप्प असतो. ज्या ओळीला मांडव उसळतो, तिला जाणकार कपाळाला आठ्या घालतात. पण मांडव पाच वर्षं सलग उसळत असेल, तर ओळीत काय आहे यापेक्षा मांडवात कोण बसलं आहे, हे बघावं.

मला त्यात एक गोष्ट दिसते. अ‍ॅन निकोल्सने तराजू घट्ट धरला आहे. जितका मूर्खपणा सॉलोमनच्या वाट्याला, तितकाच पॅट्रिकच्या. एक रब्बी, एक फादर, दोघंही शहाणे आणि दोघं युद्धभूमीवर मरणाऱ्या जवानांना धीर देताना भेटलेले. नातवंडंसुद्धा दोन, म्हणजे एक तुला, एक मला. समीक्षकांना हा बाळबोध शेवट वाटला. मला वाटतं, समाजाची बेरीज-वजाबाकी या बाईला पक्की ठाऊक होती. अशा लग्नात प्रत्येक बाजू 'आपलं किती गेलं' हे मोजत असते. तिने कुणाचंच काही जाऊ दिलं नाही.

नाटक चालू असताना बाहेर काय चाललं होतं? कू क्लक्स क्लॅन ही गोऱ्या प्रॉटेस्टंटांची संघटना पुन्हा जोरात होती आणि काळ्या लोकांबरोबरच कॅथलिक आणि ज्यू हेही तिचे शत्रू होते. १९२४ मध्ये अमेरिकन काँग्रेसने नवा कायदा करून प्रत्येक देशातून किती माणसं येऊ द्यायची याची मर्यादा ठरवली. १८९० च्या जनगणनेत त्या देशाचे जेवढे लोक अमेरिकेत होते, त्यांच्या दोन टक्के. १८९० हे साल मुद्दाम निवडलं होतं, कारण पूर्व आणि दक्षिण युरोपातली मोठी लाट त्यानंतर आली. ज्यूंसाठी दार जवळजवळ बंद झालं. ज्या आठवड्यात हा कायदा झाला, त्या आठवड्यातही लेव्ही आणि मर्फी रोज संध्याकाळी एकाच पाळण्यावर वाकत होते. समोरच्या खुर्च्यांत बसलेल्यांसाठी ते नुसतं मनोरंजन नव्हतं. आपणही याच देशाचे, असं कुणीतरी मोठ्याने म्हणतंय, एवढा दिलासा त्यात होता.

यश म्हटलं की नकला आल्याच. युनिव्हर्सल कंपनीने १९२६ मध्ये 'द कोहेन्स अँड केलीज' हा सिनेमा काढला. पुन्हा ज्यू आणि आयरिश कुटुंब, पुन्हा चोरून लग्न, पुन्हा बापांचं भांडण. अ‍ॅन निकोल्स कोर्टात गेली. न्यायमूर्ती लर्नेड हँड यांनी १९३० मध्ये तिच्याविरुद्ध निकाल दिला. त्याचा मथितार्थ असा, की लेखकाने कल्पना ज्या रूपात मांडली त्या रूपावर त्याचा हक्क. पण दोन समाजांतल्या बापांचं वैर, मुलांचं लग्न आणि नातवंडामुळे समेट, ही कल्पना कुणा एकाची मालमत्ता नव्हे. स्वामित्वहक्काच्या कायद्याचे विद्यार्थी हा निकाल आजही अभ्यासतात. मला त्यात कायद्यापलीकडचंही काही दिसतं. ही गोष्ट तोवर इतक्या घरांत घडून गेली होती, की ती सर्वांचीच झाली होती.

मग काळ बदलला आणि चिडणारेही बदलले. १९४६ मध्ये या नाटकावर दुसऱ्यांदा सिनेमा निघाला, तेव्हा टीका केली ती ज्यूंनी. युरोपात साठ लाख ज्यूंची हत्या होऊन जेमतेम वर्ष लोटलेलं. वीस वर्षांपूर्वी ज्या हेलकाढू बोलण्यावर ज्यू प्रेक्षक स्वतः हसले होते, तेच आता त्यांना टोचू लागलं. विनोद तोच होता, पण हसणाऱ्याच्या अंगावर जखम झाली होती.

आणखी एक मर्यादा होती, ती पहिल्यापासूनच. एबी आणि रोझ यांचं लग्न धर्माला पटत नव्हतं, तरी कायद्याला पटत होतं. काळा आणि गोरी असं जोडपं असतं, तर अनेक राज्यांत तो गुन्हा होता. १९६७ च्या जूनमध्ये लव्हिंग विरुद्ध व्हर्जिनिया या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने असे कायदे रद्द केले, तोवर ते सोळा राज्यांत टिकून होते. त्याच डिसेंबरमध्ये 'गेस हूज कमिंग टू डिनर' हा हलकाफुलका सिनेमा आला. गोऱ्या मुलीने घरी आणलेला काळा नवरदेव म्हणजे सिडनी पॉइटिये. सिनेमा खूप चालला आणि त्यावर वादही झाला. कारण हा नवरदेव साधासुधा नव्हता. तो जागतिक कीर्तीचा डॉक्टर, सभ्य, देखणा, नावं ठेवायला जागाच नाही असा. काही काळ्या समीक्षकांनी विचारलं, की गोऱ्या घरात जेवायला बसण्यासाठी काळ्या माणसाला देवमाणूस व्हावं लागतं का? एबी लेव्ही चारचौघांसारखा होता आणि बापाशी बेधडक खोटं बोलत होता, तरी प्रेक्षकांनी त्याला जावई म्हणून मान्य केलं. तराजू समपातळीत असेल तर नायकाला माणूस राहता येतं. नसेल तर त्याला आधी परीक्षा द्यावी लागते.

यानंतर सर्वांत विलक्षण प्रकार घडला. १९७२ च्या सप्टेंबरमध्ये सीबीएस वाहिनीवर 'ब्रिजेट लव्हज बर्नी' ही मालिका सुरू झाली. पुन्हा आयरिश कॅथलिक मुलगी आणि ज्यू मुलगा. ती श्रीमंत घरातली शिक्षिका, तो टॅक्सी चालवणारा होतकरू लेखक. लोकप्रियतेत ती त्या हंगामात पाचवी आली. तरीही २४ भागांनंतर, १९७३ मध्ये ती बंद झाली. ऑर्थोडॉक्स, कॉन्झर्व्हेटिव्ह आणि रिफॉर्म हे ज्यूंचे एरवी एकमेकांशी न पटणारे तिन्ही पंथ या एका मालिकेविरुद्ध एकत्र आले. निर्मात्यांना धमक्याही आल्या. विरोधामुळे मालिका बंद केली नाही असं वाहिनी म्हणाली, पण पाचव्या क्रमांकाची मालिका सहसा कुणी बंद करत नाही. गंमत अशी, की त्यातल्या नायक-नायिकेने, म्हणजे डेव्हिड बर्नी आणि मेरेडिथ बॅक्स्टर यांनी, १९७४ मध्ये खरोखरच लग्न केलं.

त्या रब्बींचं म्हणणं मी टिंगलीवर नेणार नाही. त्यांची तक्रार थोडक्यात अशी होती, की ही मालिका मिश्र लग्नाला अगदी बिनखर्चाची गोष्ट करून टाकते. पारंपरिक ज्यू धर्मशास्त्रात मूल आईच्या धर्माचं मानतात. म्हणजे एबीची रिबेका आजीचं नाव लावत असली, तरी शास्त्राच्या वहीत ती ज्यू नव्हती. नाटकाने 'एक तुला, एक मला' अशी केलेली वाटणी त्या वहीत उतरतच नव्हती. साठ लाख माणसं गमावलेला, मुळात थोडका समाज, त्याला प्रत्येक पाळणा मोजावासा वाटला तर ते समजण्यासारखं आहे. आपल्या कोकणातल्या बेने इस्राएल ज्यूंना, ज्यांना गावाने 'शनवार तेली' म्हटलं आणि ज्यांची घरची भाषा मराठी, ही भीती परकी वाटणार नाही. बहुसंख्य इस्राएलला गेल्यावर इथे काही हजारच उरले.

भीती खरी असली तरी एक फरक मी करतो. बेंचलीने पाच वर्षं नाटकाला शिव्या घातल्या, पण ते बंद पाडायला कुणाला पाठवलं नाही. रब्बींनी आपल्या प्रार्थनामंदिरातून सांगितलं असतं, की मुलांनो, हे बघून भुलू नका, याची किंमत आम्हाला विचारा, तर तो त्यांचा हक्कच होता. धमकी आली की वाद संपतो आणि ज्याच्याकडे दांडगाई आहे तोच प्रेक्षक उरतो.

आता आपल्याकडे येतो. 'एबीज आयरिश रोझ' सुरू होण्याच्या सतरा दिवस आधी, ६ मे १९२२ रोजी, राजर्षी शाहू महाराजांचं निधन झालं. कोल्हापूर संस्थानात १९१९ मध्येच त्यांनी आंतरजातीय विवाहाला कायद्याची मान्यता दिली होती. ब्रिटिश हिंदुस्थानात मात्र १८७२ चा कायदा चालू होता. दोन धर्मांच्या माणसांना त्याखाली लग्न करायचं, तर दोघांनीही आपण आपला धर्म मानत नाही असं लिहून द्यावं लागे. ही अट जायला १९५४ चा विशेष विवाह कायदा यावा लागला. त्यातही ३० दिवसांच्या जाहीर नोटिशीची तरतूद आहेच.

आणि आपली रंगभूमी? या विषयावरचं आपलं सर्वांत गाजलेलं नाटक विनोदी नाही. विजय तेंडुलकरांचं 'कन्यादान' १९८३ चं. समाजवादी ब्राह्मण घरातली मुलगी आणि दलित कवी यांचं लग्न, आणि पुढे जे होतं ते बघवत नाही. कुणाला ते धाडसी वाटलं, कुणाला दलितांवर अन्याय करणारं. त्याच नाटकासाठी एकदा तेंडुलकरांच्या दिशेने चप्पल आली आणि त्याच नाटकासाठी १९९३ चा सरस्वती सन्मानही. ते नाटक विनोदी होऊच शकत नव्हतं, कारण तिथे तराजूची दोन पारडी हजार वर्षं एका पातळीत नव्हती.

धर्माच्या बाबतीत तर आपण विनोदापर्यंत पोचतही नाही. २०२० च्या ऑक्टोबरमध्ये एका दागिन्यांच्या कंपनीने छोटी जाहिरात काढली. मुसलमान सासर हिंदू सुनेचं डोहाळजेवण तिच्या रीतीने करतंय, एवढंच तिच्यात होतं. गदारोळ झाला आणि आपल्या कर्मचाऱ्यांच्या काळजीचं कारण देत कंपनीने ती मागे घेतली.

या गदारोळात दोन्ही बाजूंना एकच हिशेब चालू होता आणि तो माझ्या समाजातही चालतो. परधर्मातली सून आली की आमच्या मोहल्ल्यात मान ताठ होते, मुलगी तिकडे गेली की तीच मान खाली. हिंदू वाड्यातही असंच. येणारी ती कमाई, जाणारी ती चोरी. मुलगी म्हणजे जणू गाठोडं. ज्या घरात मुलगी गाठोडं आहे, तिथे बापावर हसता येत नाही, कारण तो बाप राहिलेला नसतो, पहारेकरी झालेला असतो. सॉलोमन आणि पॅट्रिक शेवटपर्यंत बापच राहिले, म्हणून हास्यास्पद होऊ शकले आणि म्हणून नातवंडापाशी विरघळूही शकले.

'एबीज आयरिश रोझ' आता फारसं कुणी करत नाही. अमेरिकेत ज्यू मुलगा आणि आयरिश मुलगी यांच्या लग्नात आज दचकण्यासारखं काही उरलेलं नाही आणि दचकणं नाही तिथे हशा कुठून येणार? ज्या बेंचलीला ते नाटक पहिल्या दिवशीच शिळं वाटलं होतं, त्याच्याशी आजचा प्रेक्षक सहमत होईल. पण ते शिळं व्हावं म्हणून पन्नास-साठ वर्षं लोक हसले, रागावले, कोर्टात गेले आणि मुख्य म्हणजे लग्नं करत राहिले. आपल्याकडे असं नाटक अजून ताजंसुद्धा लिहिलं गेलेलं नाही. लिहिणाऱ्याने तराजू मात्र बरोबर घेऊन बसावं. एक हट्टी बाप आमच्या मोहल्ल्यातला घ्यावा, एक तुमच्या आळीतला, आणि दोघांनाही सारखंच हसावं.